सागरातील कंकणे

चार्ल्स डार्विन हे नाव उच्चारताच उत्क्रांतीचा सिद्धांत आठवतो. परंतु १८५९ साली त्या सिद्धांताचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी सतरा वर्षे डार्विनने एका निराळ्याच विषयावर ग्रंथ लिहिला होता. तो विषय म्हणजे पोवळी. अंगठीत बसवलेले तांबडे पोवळे आपण सर्वांनी पाहिलेले असते. परंतु डार्विनला ज्यांनी वेड लावले ती पोवळी अंगठीत मावणारी नव्हती. त्यांनी भर महासागरात मैलोन्मैल लांबीच्या भिंती उभारल्या आहेत, आणि त्या भिंतींच्या माथ्यावर माणसांनी गावे वसवली आहेत.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. त्याचे वडील रॉबर्ट डार्विन हे त्या भागातील नामांकित वैद्य होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. भुंगे गोळा करावेत, रानोमाळ भटकावे, शिकार करावी, यातच त्याला गोडी. मुलाने आपल्याप्रमाणेच वैद्य व्हावे, या हेतूने वडिलांनी त्याला १८२५ साली एडिंबरो येथे धाडले. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास गुंगी देण्याची सोय नव्हती. एका बालकावर चाललेली शस्त्रक्रिया पाहणे असह्य होऊन डार्विन मध्येच बाहेर पळाला, तो पुन्हा त्या दालनात गेला नाही. वैद्यकाचे शिक्षण तेथेच संपल्यासारखे झाले. मात्र एडिंबरोच्या समुद्राने त्याला पुष्कळ काही दिले. कालवे काढणाऱ्या कोळ्यांबरोबर तो होडीतून जाई आणि जाळ्यात आलेले क्षुद्र जीव घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी. शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका सागरी जीवाची पिल्ले पाण्यात स्वतः पोहतात, हे त्याने अठराव्या वर्षी शोधून काढले. इतरांनी जे घाण म्हणून फेकून द्यावे, त्यातच त्याची दृष्टी गुंतून पडे.

पुढे तो केंब्रिजला गेला. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांचा त्याच्यावर लोभ जडला. १८३१ साली त्यांच्यामार्फतच एक निमंत्रण आले. ‘बीगल’ नावाचे शाही गलबत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यास निघणार होते. कप्तान फिट्झरॉय याला निसर्गाची जाण असलेला एक सोबती हवा होता. वेतन काही नव्हते. वडिलांनी साफ नकार दिला. मात्र एखाद्या समंजस माणसाने जाण्याचा सल्ला दिल्यास आपण आडवे येणार नाही, एवढी वाट त्यांनी मोकळी ठेवली. डार्विनचे मामा जोसाया वेजवुड यांनी तसा सल्ला दिला. त्यांचा शब्द वडिलांना मोडवला नाही आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी बावीस वर्षांचा डार्विन समुद्रावर निघाला.

समुद्र त्याला मानवला नाही. पाचही वर्षे बोट लागण्याचा त्रास त्याचा पिच्छा सोडीना. तरीही पहिले दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच त्याने निशाणाच्या कापडाची एक खोल पिशवी शिवली, तिचे तोंड कमानीने ताणून धरले आणि ती गलबतामागे दोरीने ओढत नेली. संध्याकाळी पिशवी वर घेतली, तेव्हा ती नाना रंगांच्या इवल्या जीवांनी भरलेली होती. जेथे पाण्याखेरीज काहीच दिसत नव्हते, तेथे जीवसृष्टीची एवढी दाटी पाहून तो चकित झाला.

अशा जाळ्यांत हमखास सापडणारे एक मोठे कुळ आहे, त्याची येथे थोडी ओळख करून घेतली पाहिजे. छत्रीसारखे तरंगणारे जेलीफिश, खडकाला चिकटून फुलाप्रमाणे उमलणारी समुद्रफुले आणि पोवळी ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जे जीव वाहून येतात आणि ज्यांच्या दंशाने माणूस कळवळतो, तो फिजॅलियाही याच कुळातला. या सर्वांच्या अंगी एक समान शस्त्र आहे. त्यांच्या मुखाभोवती किंवा शरीराखाली लोंबणाऱ्या तंतूंवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असून तीत पोकळ, अणकुचीदार धागा वेटोळे करून बसलेला असतो. भक्ष्याचा स्पर्श होताच, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, तो धागा सुटतो आणि विष टोचतो. पोवळ्याचा एकेक जीव म्हणजे अशा तंतूंची झालर असलेली, मऊ, लहानशी पिशवीच. तिला दुसरा कसलाही आधार नसतो, म्हणून ती समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन स्वतःखाली दगडी बैठक तयार करते. एका जीवाला दुसरा अंकुर फुटतो, त्याला तिसरा. जुने मरतात, त्यांच्या दगडी घरांवर नवे बसतात. हजारो वर्षे हे काम चालल्यावर जी रास उभी राहते, तिला प्रवाळभिंत म्हणतात.

आता कोडे असे होते. हिंदी व प्रशांत महासागरांत खलाशांना जागोजागी विलक्षण बेटे आढळत. अथांग पाण्यात अचानक एक पांढरे कडे दिसे, त्यावर नारळीची रांग, कड्याच्या बाहेर काळेनिळे खवळलेले पाणी आणि आत हिरवे, शांत, उथळ सरोवर. जणू सागराच्या मनगटात घातलेले कंकण. मालदीवच्या भाषेतून आलेला ‘अटॉल’ हा शब्द अशा बेटांसाठी सर्वत्र रूढ झाला. मराठीत आपण त्यांना कंकणद्वीपे म्हणतो. भिंत बांधणारी पोवळी फक्त उथळ पाण्यात जगतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. मग हजारो फूट खोल समुद्राच्या मध्यभागी त्यांना पाया कोठून मिळाला? आणि तो पाया सर्वत्र वर्तुळाकारच का?

त्या काळचे श्रेष्ठ भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांचे मत असे की, ही कंकणे बुडालेल्या ज्वालामुखींच्या मुखांवर बसली आहेत. मुख गोल, म्हणून भिंतही गोल. लायल यांच्या ग्रंथाला डार्विन गुरुस्थानी मानीत असे. परंतु हे मत त्याला पटेना. मालदीवमधील एक कंकण चाळीस मैलांहून अधिक लांब आहे. एवढ्या विस्ताराचे ज्वालामुखीचे मुख पृथ्वीवर कोणी पाहिले होते? शिवाय असंख्य ज्वालामुखींची मुखे पोवळ्यांच्या सोयीसाठी नेमकी पाण्याखाली सारख्याच उंचीवर येऊन थांबली, असे मानावे तरी कसे?

उत्तर त्याला पोवळ्यांपासून फार दूर सापडले. २० फेब्रुवारी १८३५ रोजी तो चिली देशातील वाल्दिव्हियाजवळच्या रानात विश्रांती घेत पडला होता. एकाएकी जमीन डोलू लागली. ज्या जमिनीला आपण अचल म्हणतो, ती पायाखाली पातळ पापुद्र्यासारखी हलताना त्याने अनुभवली. काही दिवसांनी बीगल कन्सेप्शिऑन येथे पोहोचले, तेव्हा शहराची दगडमाती झालेली होती आणि समुद्राच्या लाटेने बंदर धुऊन नेले होते. या हाहाकारातही एक गोष्ट कप्तान फिट्झरॉयच्या ध्यानात आली. जवळच्या सांता मारिया बेटावर खडकांना चिकटलेले शिंपले भरतीच्या रेषेच्या दहा फूट वर कुजत होते. शिंपले वर चढले नव्हते. जमीन उचलली गेली होती. पुढे त्याच किनाऱ्यावरील डोंगरांत डार्विनला समुद्रातील शिंपले शेकडो फूट उंचीवरही सापडले. याचा अर्थ असे धक्के अगणित वेळा बसले असले पाहिजेत.

येथे डार्विनच्या विचाराने मोठी झेप घेतली. एका ठिकाणी जमीन सावकाश वर येत असेल, तर दुसरीकडे समुद्राचा तळ तितक्याच सावकाशपणे खचत असला पाहिजे. मग असे समजू की, उष्ण समुद्रात एक ज्वालामुखी बेट आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून उथळ पाण्यात पोवळ्यांची भिंत उभी राहिली. ही अनुतट भिंत. आता बेट हळूहळू बुडू लागले. पोवळी खोल पाण्यात जगू शकत नाहीत, म्हणून ती वर वर बांधत राहतात. भिंत आपल्या जागी उंच होत जाते, बेट मात्र आत आत आक्रसत जाते आणि दोहोंमध्ये पाण्याचा पट्टा तयार होतो. ही झाली रोधक भिंत. अखेर डोंगराचे शिखरही पाण्याखाली जाते. राहते ते केवळ भिंतीचे वलय आणि मध्ये सरोवर. तीन निरनिराळ्या प्रकारच्या मानल्या गेलेल्या प्रवाळभिंती म्हणजे एकाच बेटाचे बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य होते!

नवल असे की, हा सारा विचार सुचला तेव्हा डार्विनने खरी प्रवाळभिंत पाहिलेलीही नव्हती. म्हणूनच त्याची खरी कसोटी पुढे होती. नोव्हेंबर १८३५ मध्ये ताहितीच्या उंच कड्यावर चढून त्याने शेजारचे मोरेआ बेट पाहिले. मधोमध डोंगर, त्याच्याभोवती निश्चल पाणी आणि बाहेर फेसाळ लाटांची पांढरी रेघ. तो डोंगर तेवढा बुडवून टाकला, की कंकणद्वीप तयार होते, हे त्याला तेथे डोळ्यांनी दिसले.

१ एप्रिल १८३६ रोजी बीगल हिंदी महासागरातील कीलिंग बेटांशी आले. ही बेटे म्हणजे अस्सल कंकणद्वीप. डार्विन तेथे सुमारे बारा दिवस होता आणि तेवढ्या अवधीत त्याने जे काम केले ते कोणत्याही अभ्यासकाला भूषणावह ठरावे. ओहोटीच्या वेळी तो लाटांच्या अगदी कडेपर्यंत जाई. शिसाच्या ओळंब्याच्या तळाला चरबी फासून तो पाण्यात सोडण्यात येई. दहा वावांपर्यंत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे स्वच्छ ठसे उमटत आणि वाळूचा कण चिकटत नसे. त्याखाली ठसे विरळ होत गेले, वाळू वाढत गेली आणि वीस-तीस वावांच्या पलीकडे चरबीला केवळ वाळूच लागून येऊ लागली. पोवळी कोठपर्यंत जगतात याचे उत्तर इतक्या साध्या साधनाने मिळाले. त्याचे कारण मात्र डार्विनला माहीत नव्हते. आज आपण जाणतो की, या पोवळ्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते, सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते आणि त्यावर पोवळ्याचे बरेचसे पोषण होते. जेथे प्रकाश पोहोचत नाही, तेथे हा संसार चालत नाही.

फिट्झरॉयने भिंतीबाहेर जाऊन खोली मोजली. किनाऱ्यापासून २,२०० यार्डांवर ७,२०० फूट लांबीची दोरी सोडली, तरी तळ लागला नाही. म्हणजे ते सपाट दिसणारे बेट हे एका प्रचंड पर्वताचे टोक होते.

कीलिंग येथे डार्विनने एक प्रयोग स्वतःच्या अंगावर केला. तेथे मिलेपोरा नावाचे, फांद्या फुटलेल्या पोवळ्यासारखे दिसणारे जीव आहेत. ते खऱ्या पोवळ्यांचे दूरचे नातलग असून भिंत बांधण्यात त्यांचाही वाटा असतो. ताजी फांदी पाण्यातून काढताना हाताला चुरचुर जाणवली, म्हणून त्याने ती बाहूच्या आणि चेहऱ्याच्या कोवळ्या त्वचेवर दाबून पाहिली. बहुधा क्षणभराने टोचल्यासारखे होई आणि थोड्या वेळात थांबे. परंतु एके दिवशी फांदी गालाला नुसती लागताच अशी वेदना उठली की तिचा दाह अर्धा तास गेला नाही. हा दाह रानातील आग्या पाल्यासारखा की समुद्रातील फिजॅलियासारखा, याचीही त्याने तुलना केली आणि फिजॅलियाशी त्याचे साम्य अधिक आहे, असे नोंदवून ठेवले. दिसायला दगड असलेली वस्तू जेलीफिशप्रमाणे दंश करते, तर ती कोणाच्या कुळातील हे वेगळे सांगावे लागत नाही. गाल चोळीत बसण्याऐवजी त्याने वेदनेचा काळ मोजला, यात त्याचा सारा स्वभाव आला.

त्याचे प्रत्येक अनुमान अचूक होते, असे मात्र नाही. कीलिंगच्या किनाऱ्यावर कोलमडू लागलेली नारळीची झाडे आणि भरतीच्या पाण्यात आलेले एका झोपडीचे खांब यांवरून बेट सध्याही बुडत असावे, असे त्याला वाटले. वास्तविक बेटे इतक्या मंद गतीने खचतात, की सात-आठ वर्षांत त्याची खूण दिसणे शक्य नाही. लाटांनी किनारा खाल्ला, की झाडे अशीच कोलमडतात.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी डार्विन स्वदेशी परतला. ३१ मे १८३७ रोजी त्याने लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आपला विचार मांडला. त्यापूर्वी त्याने तो लायल यांना सांगितला होता. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण त्यांचेच मत खोडून काढीत होता. परंतु लायल यांना राग आला नाही, उलट आनंदाने त्यांना नाचावेसे वाटले, असे त्यांच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी आपले मत तात्काळ सोडून दिले. विद्वत्तेत अशी उदारता सुलभ नाही.

१८३९ साली डार्विनचा विवाह त्याच्या मामांची कन्या एमा वेजवुड हिच्याशी झाला. याच सुमारास त्याची प्रकृती जी बिघडली, ती कायमचीच. पोवळ्यांवरील ग्रंथ त्याने दुखण्यातून उठत-बसत लिहिला. जगातील प्रत्येक ज्ञात प्रवाळभिंतीची माहिती त्याने नकाशांतून, प्रवासवर्णनांतून आणि कप्तानांच्या भेटींतून जमवली. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे ठाणे मुंबईस होते. त्या आरमारातील कप्तान मोर्सबी याने मालदीव आणि चागोस बेटांची मोजणी केली होती. त्याचे नकाशे आणि त्याने दिलेली माहिती डार्विनच्या फार उपयोगी पडली. १८४२ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जगाचा एक रंगीत नकाशा होता. कंकणद्वीपे व रोधक भिंती निळ्या छटांत, अनुतट भिंती तांबड्या रंगात आणि जागृत ज्वालामुखी शेंदरी ठिपक्यांनी दाखवले होते. जेथे निळा रंग, तेथे शेंदरी ठिपके जवळजवळ नाहीत. खचणारे प्रदेश आणि उचलले जाणारे प्रदेश असे वेगळे पडलेले पाहून वाचक थक्क झाले.

त्यानंतरचे आयुष्य त्याने डाउन या खेड्यात काढले. कालवांप्रमाणे खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल जीवांवर आठ वर्षे, उत्क्रांतीवर वीसहून अधिक वर्षे, शेवटी गांडुळांवर, असे त्याचे काम अखंड चालू राहिले. त्या साऱ्याची कथा निराळी आहे.

इकडे पोवळ्यांच्या सिद्धांताला विरोधक निर्माण झाले. ‘चॅलेंजर’ या गलबतावरून महासागरांचा अभ्यास करून आलेले जॉन मरे यांनी १८८० साली प्रतिपादन केले की, तळ खचण्याची काहीच गरज नाही. समुद्रातील सूक्ष्म जीवांचे सांगाडे साचून तळावरील डोंगर आपोआप उंच होतात, त्यांवर पोवळी बसतात आणि मधला भाग पाण्यात विरघळून सरोवर बनते. या मताला वजनदार पाठिराखे मिळाले. डार्विन तेव्हा सत्तरीच्या पुढे गेला होता. आपला चाळीस वर्षांपूर्वीचा सिद्धांत ढासळू पाहत असता त्याने वाद घातला नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अलेक्झांडर अगासिझ हेही विरोधी पक्षाचे होते. त्यांनाच १८८१ साली पत्र लिहून त्याने एक इच्छा व्यक्त केली. एखाद्या धनवंताने मनावर घ्यावे आणि कंकणद्वीपांत पाचसहाशे फूट खोल भोक पाडून आतला दगड तपासण्यासाठी आणावा. मरे यांचे म्हणणे खरे असेल, तर थोड्याच खोलीवर पोवळ्यांचा दगड संपेल. डार्विनचे खरे असेल, तर तो खाली खाली जातच राहील. आपले मत खोटे ठरण्याचा मार्ग तो स्वतःच दाखवीत होता.

ते पाहण्यास तो राहिला नाही. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे त्याचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

पुढे १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरातील फुनाफुती या कंकणद्वीपात छिद्र पाडले. यंत्रे मोडली, वाळूने नळ गच्च झाले, दोन मोहिमा अपुऱ्या राहिल्या. अखेर १,११४ फूट खोली गाठली, तरी पोवळ्यांपासून झालेला दगड संपेना. पण ज्वालामुखीचा खडकही लागेना. विरोधक म्हणाले, हा भिंतीवरून घसरलेला चुरा असावा. निकाल पुन्हा लांबणीवर पडला.

तो लागला १९५२ साली, डार्विनच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. अमेरिकेने अणुबाँबच्या चाचण्यांसाठी मार्शल बेटांतील एनिवेटोक हे कंकणद्वीप निवडले होते. तेथील भूगर्भाची माहिती हवी म्हणून दोन छिद्रे पाडण्यात आली. हजार फूट, दोन हजार फूट, तीन हजार फूट. उथळ पाण्यातच तयार होणारा चुनखडक येतच राहिला. चार हजार फुटांच्याही खाली गेल्यावर हत्याराला काळा, कठीण खडक लागला. तो ज्वालामुखीचा बसाल्ट होता. बुडालेले बेट सापडले. त्यावरील सर्वांत जुनी पोवळी कोट्यवधी वर्षांपूर्वीची होती. हजार वर्षांत सरासरी दोन-तीन सेंटिमीटर या गतीने डोंगर खाली गेला आणि त्याच गतीने ते मऊ, दंश करणारे जीव भिंत वर चढवीत राहिले. हिमयुगांत समुद्राची पातळी अनेकदा खालीवर झाली आणि आजच्या कंकणद्वीपांच्या आकाराला तिचाही हातभार लागला, हे डार्विनला ज्ञात नव्हते. तथापि खोल महासागरातील कंकणद्वीपांविषयी त्याचे मूळ म्हणणे टिकले.

तळ का खचतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. भूकवचाखालील तप्त स्थानावर ज्वालामुखी जन्मतो, भूकवच सरकत त्याला दूर नेते आणि निवत जाणारा समुद्रतळ त्या डोंगरासह खोल उतरत जातो. भूवैज्ञानिकांच्या मते असे एक तप्त स्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते आपल्या भूमीखाली होते आणि त्यातून उसळलेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे आपल्या सह्याद्रीचे काळे कातळ. भारतभूमी उत्तरेकडे सरकत गेली, तसे त्याच तप्त स्थानाने तिच्या मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक लांब रांग मांडली. ती रांग कालांतराने पाण्याखाली गेली. तिच्या माथ्यावर पोवळ्यांनी उभारलेली बेटे म्हणजे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस.